वडावरची गाठोडी

लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे व्हायचं की नाही, हे एका वर्षी गावच्या डेअरीतल्या दुधावरून ठरायची वेळ आली. लेक सांगलीकडे दिलेली. तिला चौथा महिना चालू होता आणि सातव्यात ओटी भरून तिला घेऊन यायचं हे दोन्ही घरांनी धरून चाललेलं. बायकोनं तर माळ्यावरचा पाळणा काढून, पुसून, सोप्यात टांगून बघितला होता.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, हायवेपासून थोडं आत. शिवारात उभं राहिलं की महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर खोळंबलेल्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतात. पूर्वी सगळीकडे तंबाखू होती, आता ऊस जास्त. मी निपाणीत एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघतो. सकाळ-संध्याकाळ गोठा असतो. त्या वर्षी गोठ्यात दोन संकरित गाई आणि एक म्हैस होती. धार मी काढायचो, बाकी सगळं बायको बघायची. व्यायला आलेली गाय तर माझ्या हाती ती देतच नसे. माझे हात पेन धरायचे, असं तिचं मत.

आम्ही जैन. आमच्या घरात दूध दुहेरी फडक्यातून गाळतात आणि काढल्यापासून दोन घटकांच्या आत चुलीवर चढवतात. पाणीही गाळून, उकळून. माझी आई या बाबतीत इतकी कडक होती की पाहुण्यांच्या घरी गेली तरी आधी चुलीकडे बघायची. त्यामुळे दुधातून काही रोग येतो असं कुणी म्हटलं की आमच्या घरातलं माणूस शांतपणे ऐकून घेतं आणि मनात म्हणतं, आमच्याकडे नाही.

डेअरीत जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम अधूनमधून यायच्या. वय तिशीच्या आतबाहेर, मूळच्या धारवाडकडच्या, मराठी शिकून घेतलेली. गावच्या सगळ्या दुधातून एक छोटी बाटली भरून न्यायच्या. घरोघरच्या जनावरांचं रक्त काढत बसण्यापेक्षा आधी एकत्र दूध तपासायचं, त्यात काही दिसलं तरच पुढं जायचं, अशी त्यांची पद्धत. मला ती पद्धत आवडायची. आम्हीही आधी एकूण बेरीज जुळते का बघतो, नाही जुळली तरच पावत्या काढतो.

त्या जानेवारीत बेरीज जुळली नाही. मॅडम सकाळच्या दुधाच्या वेळी आल्या आणि सगळ्यांना थांबवून घेतलं.

डेअरीचे चेअरमन, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, ते खुर्चीतून उठले. "म्हंजे आमचं दूध नासकं म्हणतासा काय, मॅडम?"

"नासकं नाही, अण्णा. गावातल्या कुठल्या तरी गोठ्यात ब्रुसेला नावाचा रोग आहे, एवढं हे दूध सांगतं. कुठल्या गोठ्यात, ते सांगत नाही."

"मग दूध बंद करणार?"

"बंद नाही. ते पुढे तापवूनच पिशवीत जातं. मला काळजी तुमच्या गोठ्यांची आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या रोगानं गाय-म्हैस दिवस भरायच्या आत वासरू टाकते. आमच्याकडे त्याला गाभडणं म्हणतात. माणसाला तो कच्च्या दुधातून होतो, आणि गाभडलेल्या जनावराला उघड्या हातानं हाताळल्यावरही होतो. ताप येतो, जातो, परत येतो. सांधे धरतात. कुत्र्याला होतो, रानातल्या कोल्ह्यालाही होऊ शकतो. "आणि घरात गरोदर बाई असेल तर जास्त जपायचं. तिचं मूल पडू शकतं," असं म्हणून त्यांनी विचारलं, "दिवाळीपासून कुणाकुणाची जनावरं गाभडली?"

कुणी तरी हातातला कॅन खाली ठेवला.

"आमच्यात न्हाय बा," एक जण म्हणाला. "आमच्यातबी न्हाय," दुसरा. असं करत करत सगळ्या ओळीतनं तेच आलं. मीही म्हटलं, आणि ते खरं होतं. आमची मोठी गाय डिसेंबरात व्याली होती. थोडी लवकर, वासरू अशक्त, दोन दिवसांनी गेलं, पण गाभडली नव्हती. बाकीच्यांचं मला माहीत होतं आणि नव्हतंही. गाभडलेली गाय बाजारात अर्ध्यावर येते, आणि सुनेच्या पायगुणापासून शेजारणीच्या नजरेपर्यंत सगळं बोललं जातं. मग माणूस पडलेलं वासरू उसात पुरतो आणि गप्प बसतो.

मॅडम निघाल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर गावाबाहेरच्या वडापर्यंत चालत गेलो. मला लेकीचं विचारायचं होतं. विचारायच्या आधीच त्या झाडाखाली थांबल्या.

आमच्या वडाला गाठोडी लटकलेली असतात. गाय-म्हैस व्याली की मागून पडलेली वार गवतात गुंडाळून पोत्यात बांधायची आणि वडाच्या फांदीला टांगायची. वडाला चीक येतो, तसं जनावराला दूध येतं, असा समज. मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे मला त्यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"आमच्याकडेही बांधतात," मॅडम म्हणाल्या. "गाभडलेल्या गाईची वारही बांधता?"

"छे. ती अशुभ. ती कोण टांगेल?"

"हौदा?" म्हणजे कानडीत 'असं होय?', एवढंच त्या म्हणाल्या आणि वर बघत राहिल्या. मीही बघायला लागलो.

एकदा आकडा दिसला की मला राहवत नाही. पावसाळ्यात जुनी गाठोडी कुजून गळतात, म्हणजे झाडावर होती ती सगळी दिवाळीनंतरची. नवी पोती तर रंगावरूनही ओळखू येत होती. कुत्र्यांनी ओढून पाडलेल्यांची सुतळी फांदीला राहिली होती, तीही धरली. एकूण एकोणीस. गावात जनावरांचं कृत्रिम रेतन करणाऱ्या माणसाला फोन केला. दिवाळीपासून आत्तापर्यंत व्यायची होती एकतीस जनावरं. त्यातली दोन विकली गेली होती. तीन अशा घरांतली, जिथं वार पुरतात, टांगत नाहीत. राहिली सव्वीस. सव्वीसमधून एकोणीस गेले, सात उरले.

"या सातांचं काय झालं?" मी म्हटलं.

मॅडम हसल्या. "काका, हे तुम्ही डेअरीत सांगाल का? मी सांगितलं तर सरकारी माणूस बोलतोय म्हणतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त वजाबाकी केली. हशा पिकला.

"आता झाडाचं ऑडिट कराय लागलास व्हय रं?" अण्णा म्हणाले. "उद्या चिंचा मोजशील."

"चिंचा मोजल्या तर तुमच्या दारातल्याच कमी भरतील, अण्णा. पोरं पाडत्यात," मागून एक जण म्हणाला. परत हशा.

मी हसलो नाही. "सात जनावरं कुठं तरी गेली असणार, अण्णा. उडून तर गेली नाहीत. माझी लेक दोन-तीन महिन्यांनी घरी येणार आहे. तुमच्यातही कुणाची तरी सून, लेक गरोदर असेल. नावं मला नकोत. ती मॅडमना सांगा."

मग रांगेच्या शेवटी उभी असलेली एक म्हातारी आक्का, जिची एकच म्हैस, ती किटली खाली ठेवून म्हणाली, "त्या सातातली एक माझी हाय. आठव्यात गाभडली. वार मीच नेऊन वढ्यात टाकली. सांगून काय करायचं व्हतं? म्हैस कोण घेतंय मग?"

"आक्का, ह्ये कालच सांगायचं न्हाय व्हय?" अण्णा म्हणाले.

"तू सांगितलास काय तुझं?" आक्का म्हणाली.

अण्णा लाल झाले, आणि मग त्यांनीच पुढं होऊन म्हटलं, "बरं. माझी बी एक हाय." त्यानंतर बाकीच्यांना अवघड गेलं नाही. आठवड्याभरात मॅडम आणि त्यांचा माणूस घरोघर फिरून रक्त काढायला लागले. चेष्टामस्करीही सुरू झाली. कुणाच्या म्हशीनं रक्त देताना लाथ मारली की "मालकाचं रक्त काढा, म्हैस सोडा," असं ओरडायचे.

माझ्या हिशेबात माझा गोठा मोकळाच होता. आमचं गाठोडं झाडावर होतं, एकोणिसातलं एक. मी आमच्या जनावरांचं रक्त काढायला सांगितलं तेही बोलणाऱ्यानं आधी करून दाखवावं म्हणून.

निकाल आला तेव्हा आमची मोठी गाय त्यात निघाली. सातांतली पाच, आणि ही.

"पण ती गाभडली नाही," मी म्हटलं. "गाठोडं बांधलंय आम्ही."

"लवकर व्याली होती ना? वासरू गेलं? वार सहज पडली?"

पडली नव्हती. अडकली होती. बायकोनं कोपरापर्यंत हात घालून, तासभर बसून, ती काढली होती. मी बाहेर कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून उभा होतो. नंतर तिनं साबणानं हात धुतले, अंघोळ केली, आणि त्या दिवशीही दूध गाळूनच चुलीवर ठेवलं.

मॅडमनी मान हलवली. "काका, दुधाची तुम्ही एवढी काळजी घेता. हाताची कोण घेणार?" मग म्हणाल्या, "काकूंना ताप येतो का?"

येत होता. दोन-तीन आठवडे संध्याकाळी अंग कणकणायचं, उशी घामानं ओली व्हायची, कंबर धरलेली. आम्ही ते ऊसतोडीच्या दगदगीवर घातलं होतं. तिचं रक्त निपाणीतल्या डॉक्टरांनी तपासायला पाठवलं. त्यातही तेच आलं. दीड महिन्याच्या गोळ्या, एकही चुकवायची नाही, आणि पूर्ण बरं होतं असं डॉक्टरांनी सांगितलं. बायकोनं पहिला प्रश्न विचारला तो लेकीबद्दलच. "ती आली तर माझ्यापासनं तिला होईल का?"

"तुमच्यापासून नाही. गोठ्यापासून सांभाळा. ती गाय घरात नको, आणि तिचं दूध कुणाच्या पोटात नको."

सांगलीला फोन केला. विहीणबाई चांगल्या आहेत, पण त्या सरळ म्हणाल्या, "मग राहू दे इथंच. आमच्याकडे काय कमी आहे?" लेक मागनं बोलत होती, "पप्पा, मला यायचंय," आणि मी दोघींनाही "बघतो" एवढं म्हटलं. बायको शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पयलं बाळंतपण हितंच. तुम्ही गाईचं बघा, मी गोळ्यांचं बघते."

गाईचं बघायचं म्हणजे काय बघायचं? नाक्यापलीकडचा एक व्यापारी दोनच दिवसांत दारात आला. कुणी सांगितलं देव जाणे. "मालक, गाय द्या. कसली चौकशी न्हाय, काय न्हाय. संध्याकाळपर्यंत पलीकडं जाईल." पलीकडे म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात, जिथं दुसरीच कुणी बाई कोपरापर्यंत हात घालेल. नाहीतर खाटकाकडे. बायको दारातून म्हणाली, "माझ्या हाताला जे झालंय ते दुसरीच्या हाताला कशाला?" व्यापारी गेला, पण जाताना "मग ठेवा उराशी धरून," म्हणून गेला.

पांजरपोळात विचारलं. तिथल्या माणसांनी ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. आजारी जनावर बाकीच्या शेकडो जनावरांत कसं सोडायचं? त्यांचं बरोबर होतं. मारायचं नाही, विकायचं नाही, घरात ठेवायचं नाही, पांजरपोळातही घेत नाहीत. मी आयुष्यभर हिशेब जुळवत आलो, हा कुठल्याच बाजूला बसेना.

वाट निघाली ती अण्णांमुळे. गावाच्या वरच्या अंगाला त्यांची तंबाखूची जुनी वखार आहे. पत्र्याची, उंच, भिंती पक्क्या. तंबाखू गेल्यापासून तिथं फक्त घुबडं. आमची गाय, त्यांची स्वतःची म्हैस, आक्काची म्हैस आणि बाकीची तीन, अशी सहा जनावरं तिथं ठेवायची, असं त्यांनी डेअरीत स्वतःच सांगितलं.

"त्यात वास मारतोय अजून तंबाखूचा," कुणी तरी म्हटलं.

"मारू दे की. तंबाखूनं गावातल्या निम्म्यांचं काय वाईट झालं न्हाय, म्हशीचं काय होतंय?" अण्णा म्हणाले. ते स्वतः अजून दिवसाला दोन पुड्या खातात.

मॅडमनी येऊन वखार बघितली. पाणी कुठून, सांडपाणी कुठं जातं, कुंपण कसं, सगळं विचारलं. "आता यांना गाभण राहू द्यायचं नाही. बाकीच्या जनावरांत सोडायचं नाही. दूध डेअरीत घालायचं नाही, धार बंद करत करत आटवून टाकायचं. आत जाणाऱ्यानं गमबूट आणि हातमोजे." सहा घरांनी चाऱ्याच्या पाळ्या लावून घेतल्या. आक्काला पाळी झेपणार नाही म्हणून तिची पाळी अण्णांनी घेतली. "तुझी म्हैस माझ्या म्हशीला सोबत हाय, आक्का, त्येचं भाडं समज," म्हणाले.

आमची गाय नेताना मला वाटलं होतं बायको रडेल. तिनं गाईच्या कपाळावरून लांब हातमोजा घातलेला हात फिरवला आणि म्हणाली, "जा. चांगली जागा हाय. आमच्या गोठ्यापेक्षा वारं येतंय."

मग गावानं जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि ते फार मोठं नव्हतं. व्याल्यावरची वार चुना टाकून खोल पुरायची, असं ठरलं. डेअरीत खांद्यापर्यंतच्या हातमोज्यांचा एक खोका ठेवला. झाडावरची गाठोडी काढून जाळताना काही म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. मॅडमनी त्यांना बसवून विचारलं, झाडाखाली कोण कोण येतं? कावळे, कुत्री, रात्री कोल्हे. मग? मग म्हाताऱ्यांनीच कुत्र्यांचं सांगितलं. गावातल्या तीन-चार कुत्र्यांचं रक्तही काढलं, आमच्या दारातल्या काळ्याचंही, कारण गाठोडं ओढून आणण्यात तोच पुढे असायचा. कुत्री मोकळी निघाली. हायवेवर गाडीखाली आलेल्या एका कोल्ह्याचा नमुनाही मॅडमनी वनखात्याच्या माणसाबरोबर जाऊन घेतला. त्याचं काय झालं ते मात्र आम्हाला कधी कळलं नाही. लहान कालवडींना एकदाच टोचायची लस आली, ती बहुतेक सगळ्यांनी टोचून घेतली. आमच्या लहान गाईची कालवड त्यातच, कानात पिवळा बिल्ला मारलेली.

सातवा महिना लागून गेला. ओटी सांगलीतच भरली. लेकीनं फोटो पाठवले, त्यात ती हसत होती, पण बायकोनं ते दोनदा बघितले आणि फोन उलटा ठेवला. तिच्या गोळ्या संपल्या होत्या. ताप गेला होता. कंबर मात्र सकाळी धरायची. गोठा मी चुन्यानं धुतला, मग परत धुतला. लहान गाय आणि म्हैस दुसऱ्या तपासणीतही मोकळ्या होत्या. आता वाट बघायची ती गावच्या दुधाच्या नव्या नमुन्याची. तो मोकळा आल्याशिवाय लेकीला आणायचं नाही, असं मी म्हटलं होतं. निपाणीतल्या डॉक्टरांनी एवढं काही सांगितलं नव्हतं. तो माझाच नियम.

फोन आला तेव्हा मी पतसंस्थेत होतो. "काका, दूध स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं, "एकदा स्वच्छ आलं म्हणजे पक्कं का?"

त्या हसल्या. "पक्कं म्हणायला अजून दोनदा यायला पाहिजे. काही महिने लागतील."

घरी येऊन मी बायकोला तसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, अजून दोन नमुने येऊ देत.

तिनं भाकरी थापायची थांबवली. "तुमचे तीन नमुने होईस्तवर ती पोरगी बाळाला घेऊन शाळंत सोडाय जाईल. गाडी काढा."

"पण नियम म्हणून..."

"नियम तुमचा. गोठ्यात तिला पाठवणार कोण हाय? मी हाय की दारात."

मी रात्रभर बेरीज-वजाबाकी केली नाही, एवढं सांगतो. डॉक्टरांना परत एकदा विचारलं. ते म्हणाले, गोठ्यापासून लांब ठेवा, दूध उकळूनच द्या, आणि आणा. मग अंगण आणि गोठा यांच्यामध्ये मी बांबूचं एक फाटक बसवून घेतलं. सुतार म्हणाला, "गायीला अडवायला एवढं उंच कशाला?" मी म्हटलं, गायीला नाही.

लेकीला घेऊन आलो तेव्हा ऊन कलत होतं. बायकोनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. विहीणबाईंनी डबाभर लाडू दिले होते, आणि "डॉक्टर बाईंना पण द्या" म्हणून एक वेगळी पिशवी. लेक सोप्यात बसली, पाणी प्याली, आणि पाचच मिनिटांत उठून, लग्नाआधी रोज करायची तसं, थेट मागच्या अंगणाकडे निघाली.

"ए, कुठं निघालीस?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"कालवड बघायला. फोटोत एवढी लहान होती."

"फाटकाच्या आत जायचं न्हाय. सांगून ठेवते."

"अगं, लस टोचलीय म्हणाले ना पप्पा?"

"तिला टोचलीय. तुला टोचली न्हाय."

लेक फाटकापाशी जाऊन उभी राहिली. एक हात पोटावर, दुसरा बांबूवर. "पप्पा, लांबनं तरी बघू दे."

मी फाटक उघडलं नाही. पलीकडच्या बाजूनं गोठ्यात गेलो, कालवडीची दोरी सोडली, आणि तिला फाटकाच्या आतल्या उन्हात आणून उभं केलं, जिथून लेकीला तिच्या कानातला पिवळा बिल्ला नीट दिसेल. कालवड एकदा ढुसणी देऊन निसटायला बघत होती. मी दोरी धरून ठेवली. बराच वेळ.